नुसता मनोरा वाचवून काय करायचं?

आकाशवाणीचं मध्यमलहरी (मीडियम वेव्ह) प्रक्षेपण बंद होणार अशी कुणकुण लागली की कोकणातल्या वर्तमानपत्रांच्या पत्रव्यवहारात आणि व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एकाच छापाचा मजकूर वाहू लागतो. ओटीवरच्या फळीवर ठेवलेला रेडिओ, सकाळची भक्तिगीतं, आजोबांची बातम्यांची वेळ, उतरलेले सेल उन्हात ठेवून आणखी चार दिवस रेटणं. यातलं काहीच खोटं नसतं. पण लिहिणाऱ्यांपैकी किती जणांनी गेल्या दहा वर्षांत ट्रान्झिस्टरमध्ये नवे सेल घातले, असं विचारलं की गटावर सामसूम होते. आठवणींच्या भांडवलावर कुठलंही सरकारी खातं प्रक्षेपक चालवत नाही, आणि खरं सांगायचं तर चालवूही नये.

तरीही रत्नागिरीसारख्या छोट्या शहरातलं मध्यमलहरी केंद्र टिकावं असं मला वाटतं, आणि त्याची कारणं अगदी रोकडी आहेत. अट एवढीच, की काय बोलायचं आणि कधी बोलायचं हे त्या केंद्रात बसलेल्या माणसाला तिथल्या तिथे ठरवता आलं पाहिजे. तेवढा अधिकार नसेल तर २० किलोवॅटचा प्रक्षेपक राहिला काय नि गेला काय, वीजबिलाखेरीज फरक पडणार नाही. 'केंद्र वाचवा' म्हणणारे आपण सगळे पहिल्या मागणीवरच घसा बसवून घेतो. दुसरी कुणी उच्चारतच नाही.

आकाशवाणीचं रत्नागिरी केंद्र १९७७ सालचं. त्या वेळी सिंधुदुर्ग जिल्हा नकाशावर नव्हता, तो १९८१ च्या महाराष्ट्रदिनी वेगळा झाला. मंडणगडपासून सावंतवाडीच्या पलीकडे गोव्याच्या हद्दीपर्यंत एकच लांबलचक जिल्हा, आणि त्याला स्वतःचा असा आवाज नाही. वरच्या अंगाची गावं मुंबई लावायची, खालच्या अंगाची पणजी. घाटावरून सांगली यायची, तीही जमेल तशी. सांगली केंद्र १९६३ चं. तिथल्या शेतकी कार्यक्रमांत आडसाली उसाची लागण, द्राक्षावरची फवारणी, हळद. ज्याच्याकडे चार गुंठे भात, वरकसावर नाचणी आणि परसात दोन कलमं, त्याने ते ऐकून करायचं काय? मुंबई केंद्राला चाकरमान्यांची दखल घ्यावीच लागे, पण चाकरमान्यांच्या गावात आज काय चाललंय, हे तिथून दिसणार कसं?

रत्नागिरी सुरू झाल्यावर हा फरक पहिल्यांदा जाणवला तो शेतीत. दापोलीला कृषी विद्यापीठ १९७२ पासून होतं, पण तिथल्या शास्त्रज्ञाचं म्हणणं राजापूरच्या बागायतदाराच्या कानावर पडायला वर्षाकाठचा एखादा मेळावाच काय तो. रेडिओने ते अंतर पुसलं. मोहोर फुटताना तुडतुडे कसे ओळखायचे, भुरी आली तर काय, ढगाळ हवेत फवारणी करावी की थांबावं, हे ऐन त्या आठवड्यात कानावर पडू लागलं. आंब्याला आठवडा उशिरा मिळालेला सल्ला काय कामाचा, हे बागेत उभं राहिलेल्याला सांगावं लागत नाही.

दुसरा फरक कलावंतांना कळला. नमनातला मृदंग, जाखडीची गाणी, डबलबारीचे बुवा, दक्षिणेकडचा दशावतार हे सगळं पूर्वी जत्रेपुरतं आणि गणपतीपुरतं असायचं. आता स्वरचाचणी द्यायची, पास झालं की ध्वनिमुद्रण, आणि मग बुवांच्या पत्रकावर नावाखाली 'आकाशवाणी कलावंत' ही ओळ आयुष्यभर छापायची. त्या एका ओळीने बिदागी वाढायची, हे गावच्या भजनी मंडळातल्या कुणालाही विचारा. स्वरचाचणीच्या नावाने बोटं मोडणारेही भरपूर होते. बोलीतलं गाणं घासूनपुसून प्रमाण करून म्हणायला लावतात, ही तक्रार तर कायमचीच. ती अगदीच खोटी नव्हती.

या मुद्रणांचं पुढे काय झालं, हा मात्र दुखरा विषय. टेप महाग, पुरवठा तुटपुंजा. त्यामुळे प्रक्षेपण झालं की टेप पुसून त्यावर दुसरं मुद्रण करायचं, ही देशभरातल्या केंद्रांची जुनी रीत. मोठ्या गवयांची मुद्रणं कुणीतरी जपली. खेड्यातल्या नमन मंडळाचं मुद्रण कोण जपतो? एखाद्या खेळ्याचा आवाज एका संध्याकाळी अर्ध्या जिल्ह्याने ऐकला असेल आणि आज तो कुठेच नसेल. यात कुणाचा दुष्टावा नव्हता. काय ठेवायचं नि काय पुसायचं हे ठरवायला केंद्राकडे ना पैसा होता ना अधिकार.

अधिकाराची ही गोष्ट १९७७ मध्येच निघाली होती, हा योगायोग मला फार बोलका वाटतो. आणीबाणी उठली ती त्याच वर्षी. आकाशवाणीचा सरकारी कर्णा कसा होतो हे देशाने नुकतंच ऐकलं होतं. ऑगस्टमध्ये जनता सरकारने बी. जी. वर्गीज यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. फेब्रुवारी १९७८ मध्ये अहवाल आला. 'आकाश भारती' नावाचा स्वायत्त राष्ट्रीय न्यास असावा आणि दिल्लीत साचलेले अधिकार खाली झिरपावेत, हा त्याचा रोख. सरकार बदललं, अहवाल फळीवर गेला. प्रसार भारतीचा कायदा झाला १९९० मध्ये आणि अमलात आला १९९७ मध्ये. त्याच कायद्याच्या बाराव्या कलमात निरनिराळ्या प्रदेशांच्या संस्कृतींना आणि भाषांना पुरेसा वाव देणं, ग्रामीण भाग आणि शेतीकडे विशेष लक्ष देणं ही कर्तव्यं लिहिलेली आहेत. कागद उत्तम आहे. पण दिल्लीपासूनची उतरंड होती तशीच राहिली. निवृत्त होणाऱ्या कार्यक्रम अधिकाऱ्यांच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या राहिल्या. प्रक्षेपणाची सभा चालवायची ती नैमित्तिक उद्घोषकांनी, म्हणजे महिन्यातल्या ठरावीक ड्युट्यांवर, उद्याची शाश्वती नसताना. माणूस कमी झाला की पोकळी भरायला सहक्षेपण असतंच. मुंबईचं लावा, दिल्लीचं लावा. छोट्या केंद्रांचं असं होत गेलं, आणि मग वरून विचारणा झाली की तुमचे श्रोते कमी का झाले!

आता तांत्रिक बाजू, कारण वाद नेहमी तिथेच फसतो. 'एफएम असताना हे जुनं खटलं कशाला' असं विचारणाऱ्याने एकदा संगमेश्वरहून आत सह्याद्रीच्या पायथ्याकडे जावं. एफएमच्या लहरी साधारण नजरेच्या रेषेत जातात. मध्ये डोंगराची सोंड आली की तिच्या सावलीतलं गाव मुकं. आणि कोकण म्हणजे सोंडा, दऱ्या आणि खाड्याच. सपाट प्रदेशात एका मनोऱ्याने भागतं तिथे इथे टेकडी-टेकडीवर पुनःप्रक्षेपक बसवावे लागतील, आणि त्या प्रत्येकाला वीज, रस्ता आणि राखणदार. मध्यमलहरीचं तसं नाही. रत्नागिरीच्या ११४३ किलोहर्ट्झची लहर साधारण २६२ मीटर लांबीची. ती जमिनीला धरून पसरते आणि डोंगराला वळसा घालून पलीकडे उतरते.

समुद्रावर तर ती आणखी खुलते. खारं पाणी हे कोरड्या कातळापेक्षा हजारो पटींनी चांगलं वाहक असल्यामुळे जमिनीवर जी लहर लवकर थकते ती पाण्यावरून दूरवर जाते. मिरकरवाडा किंवा हर्णै बंदरातून निघालेली नौका किनाऱ्यापासून लांब गेली की आधी मोबाइलची रेंज जाते, मग एफएम जातं. तांडेलाच्या, म्हणजे नौका हाकणाऱ्याच्या, केबिनमध्ये नायलॉनच्या दोरीने टांगलेला ट्रान्झिस्टर त्यानंतरही बोलत राहतो. वारं कुठून सुटणार, बंदरात वादळाच्या इशाऱ्याचा कितवा बावटा लावलाय, हे त्याला त्यातूनच कळायचं. फयान वादळ आलं ते २००९ च्या नोव्हेंबरात, मासेमारीचा हंगाम चालू असताना. नौका दर्यात होत्या. किनाऱ्यावर काय कळलं होतं आणि तिथवर काय पोचलं, या दोहोंतल्या अंतराने माणसं गेली.

मध्यमलहरीचे दोषही मोजले पाहिजेत, नाहीतर आपणही आठवणीवाल्यांच्याच रांगेत. सूर्य मावळला की वातावरणातला जो थर दिवसा या लहरी शोषून घेतो तो विरतो, शेकडो मैलांवरची केंद्रं आत घुसतात आणि आपलं केंद्र त्या गलबल्यात दबतं. रात्री अरबी गाणी ऐकलेली पिढी कोकणात अजून आहे, तिला हे ठाऊक आहे. दिवसाही घरातली हवा आता पूर्वीसारखी स्वच्छ नाही. परवाच शेजारच्या काकी तक्रार करत होत्या की रेडिओ नुसता गुरगुरतो. जाऊन बघितलं तर डोक्यावर स्वस्तातला एलईडी बल्ब आणि बाजूलाच मोबाइलचा चार्जर. दोन्ही बंद केले आणि ट्रान्झिस्टर आडवा धरून हळूहळू फिरवला. त्याच्या पोटात फेराइटची कांडी असते, ती केंद्राच्या दिशेला आडवी आली की आवाज भरतो आणि तोंड करून उभी राहिली की मरतो. एका जागी रत्नागिरी एकदम स्वच्छ लागलं. काकी म्हणाल्या, "म्हणजे लाइट गेले की बरं ऐकू येतं म्हणायचं." अगदी बरोबर. आणि लाइट जातात तेव्हाच त्याची गरज असते.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडात दिवेआगरच्या आसपास किनाऱ्याला धडकलं. दापोली, मंडणगड पार झोडपले गेले. पोफळी आडव्या, विजेचे खांब आडवे, टॉवर मुके. काही गावांत वीज यायला आठवडे लागले. वर टाळेबंदी. पुण्या-मुंबईतल्या मुलांना आईबाप जिवंत आहेत का हे कळत नव्हतं, आणि गावातल्यांना पंचनामे कधी होणार, पत्रे कुठे मिळणार, कुठला रस्ता उघडला हे कळत नव्हतं. टॉवरच्या बॅटऱ्या काही तासांच्या, मग जनरेटर, जनरेटरला डिझेल, आणि डिझेलचा टेम्पो यायला रस्ता मोकळा लागतो. २०२३ मध्ये सगळ्यांचे फोन एकदम किंचाळून इशाऱ्याची चाचणी झाली, ती यंत्रणा चांगलीच आहे. पण तीही याच टॉवरवर उभी आहे. शिवाय ती वादळाआधी कामाची. वादळानंतरच्या पंधरा दिवसांत ओरडून सांगायचं नसतं, तपशिलात सांगायचं असतं, तेही रोज आणि गावागणिक वेगळं. ते काम एका मनोऱ्यावरून, दोन सेलांवर चालणाऱ्या यंत्रापर्यंत करता येतं ते रेडिओलाच. मनोऱ्यालाही वीज लागते हे खरं, पण एका ठिकाणच्या जनरेटरला डिझेल पोचवणं आणि शेकडो टॉवरना पोचवणं यात फरक आहे.

आणि इथेच माझा दुसरा मुद्दा येतो, जो पहिल्याहून मोठा आहे.

२२ जुलै २०२१. आदल्या रात्रभर पाऊस कोसळत होता. वाशिष्ठी आणि शिव नद्यांचं पाणी पहाटे चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं आणि बघता बघता पहिल्या मजल्यापर्यंत गेलं. धरणाचं पाणी सोडलं का, किती, भरती किती वाजताची, यावर नंतर महिनोन्‌महिने वाद झाला. त्या रात्री शहराला एकच गोष्ट हवी होती, की माळ्यावर जायची वेळ आली आहे का. आता आकाशवाणीच्या प्राथमिक केंद्रांचं वेळापत्रक आठवा. शेवटची सभा रात्री अकराच्या सुमारास संपते, पहिली पहाटे सहाच्या सुमारास उघडते. कोकणातला पूर मात्र बहुतेक वेळा मधल्या सात तासांतच दार ठोठावतो. प्रक्षेपक उत्तम, लहर डोंगराला वळसा घालणारी, आणि बोलायला माणूसच नाही! माणूस असला तरी लिहून आलेल्या संहितेबाहेर बोलायची मुभा नाही. नैमित्तिक उद्घोषकाने स्वतःच्या जबाबदारीवर 'बाजारपेठेतल्या लोकांनो वर जा' असं म्हटलं, तर पुढच्या महिन्यात त्याला ड्युट्या मिळतील का?

यावर उत्तर मिळतं की अचूक माहितीशिवाय बोलणं धोक्याचं. मान्य. म्हणूनच माहिती आणि माईक एकाच जिल्ह्यात हवेत. जिल्हाधिकारी कार्यालयातल्या आपत्ती नियंत्रण कक्षाला धरणाचा विसर्ग कळतो, नदीची पातळी कळते, भरतीचं कोष्टक भिंतीवर असतं. तिथला फोन आणि आकाशवाणीचा स्टुडिओ यांच्यात मुंबई नाही नि दिल्ली नाही, अशी सोय करायला कुठलं नवं तंत्रज्ञान लागत नाही.

विरोधातला सगळ्यात वजनदार मुद्दा पैशाचा आहे आणि तो झटकून टाकता येत नाही. मध्यमलहरी प्रक्षेपक विजेला खादाड असतो. मनोऱ्याला आणि जमिनीत पुरलेल्या तांब्याच्या तारांच्या जाळ्याला एकरांनी जागा लागते, आणि खाऱ्या हवेत सगळं गंजतं. प्रसार भारती गेली काही वर्षं देशभर हे जुने प्रक्षेपक टप्प्याटप्प्याने बंद करून एफएमकडे वळते आहे ते काही खुळेपणाने नाही. शिवाय बाजारात मध्यमलहरी लागणारा संच मागितला तर दुकानदार आधी आपल्याकडे बघतो, मग माळ्याकडे. फोनमध्ये ही पट्टी कधी नव्हतीच. फोनमध्ये निदान एफएम तरी चालू ठेवा, असं निर्मात्यांना बजावायला केंद्र सरकारला एप्रिल २०२३ मध्ये सूचना काढावी लागली, यावरून काय ते समजा. 'आकाशवाणीचं अ‍ॅप आहे की' म्हणणाऱ्यांना मी उत्तर देत नाही. त्यांनी निसर्गनंतरच्या आठवड्यात मंडणगडात अ‍ॅप उघडून बघायला हवं होतं.

पण पैशाचा हिशेब जाहिरातींच्या उत्पन्नावर आणि रोजच्या श्रोतृसंख्येवर मांडायचा की काय, हा धोरणाचा प्रश्न आहे. अग्निशमन बंब वर्षात किती किलोमीटर चालला यावर कुणी नगरपरिषद त्याचं भवितव्य ठरवत नाही. मध्यमलहरीचा खर्च आपत्ती व्यवस्थापनाच्या खात्यात धरला, तर ओसाड किनाऱ्यावर वादळ-निवारे बांधण्याच्या तुलनेत तो काही डोळे विस्फारण्यासारखा राहणार नाही. राज्य सरकारने त्यातला वाटा उचलावा, अशी मागणी कोकणातल्या एकाही आमदाराने सभागृहात आजवर का करू नये? रस्त्याच्या चौपदरीकरणावर बोलताना सगळ्यांचा आवाज चढतो.

सामुदायिक रेडिओ हा पर्याय काही मित्र सुचवतात. २००६ पासून स्वयंसेवी संस्थांनाही तो उघडा आहे आणि मी त्याच्या बाजूचाच आहे. बोलीत बोलायचं, गावचंच बोलायचं, हे तिथे खरोखर जमतं. पण त्याची शक्ती सर्वसाधारणपणे १०० वॅटची आणि लहर एफएमची. दोन खाड्या ओलांडेपर्यंत तो दमतो. तांडेलापर्यंत तर नाहीच. त्याने मोठ्या केंद्राशेजारी उभं राहावं, त्याच्या जागी नको.

लोकांनी रेटा लावला तर निर्णय फिरतात, याचं उदाहरण ताजं आहे. जून २०२३ मध्ये आकाशवाणी पुण्याचा प्रादेशिक वृत्तविभाग हलवण्याचा आदेश निघाला, आरडाओरड झाली, आणि केंद्रीय मंत्र्यांनी तो थांबवला. सकाळी सात-दहाच्या बातम्या पुण्याहूनच राहिल्या. छान झालं. पण त्या बातम्यांत दोडामार्गचं किंवा मंडणगडचं काय असतं, हे तेव्हा कुणी विचारलं नाही. आम्हीही नाही. जे आहे ते हलवू नका, एवढ्यावर सगळे खूश होते.

रत्नागिरीबाबत तसं व्हायला नको. मनोरा ठेवा म्हणताना त्याच अर्जात पुढच्या ओळी लिहिल्या पाहिजेत. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत रात्रपाळी, कारण पाऊस अकरा वाजता थांबत नाही. इशारा देण्याचा अधिकार केंद्रप्रमुखाकडे, आणि तो नसेल तेव्हा ड्युटीवर असेल त्याच्याकडे, लेखी. दोन्ही जिल्ह्यांच्या नियंत्रण कक्षांशी थेट जोडणी. नैमित्तिकांना निदान वर्षभराचे करार. नव्या भरतीत मालवणी, संगमेश्वरी किंवा इथल्या मुसलमान वस्त्यांतली कोकणी बोलणाऱ्यांना जागा, कारण घाबरलेल्या माणसाला त्याच्या घरच्या बोलीत सांगितलेलं लवकर कळतं.

दरवर्षी मे महिन्यात जिल्हाधिकारी कार्यालयात मान्सूनपूर्व आढाव्याची बैठक होते. महसूल, पोलीस, महावितरण, पाटबंधारे, बंदर, आरोग्य, सगळी खाती आपापल्या याद्या घेऊन बसतात. आकाशवाणीच्या केंद्रप्रमुखाची खुर्ची त्या टेबलाला असली पाहिजे, त्याच्या रात्रीच्या ड्युटीवाल्याचा फोन नंबर आराखड्यात छापलेला असला पाहिजे, आणि एका ठरलेल्या रात्री दोन वाजता प्रक्षेपक चालू करून रंगीत तालीम झाली पाहिजे. याला संसदेचा कायदा लागत नाही. जिल्हाधिकाऱ्यांचं एक पत्र आणि प्रसार भारतीचं एक उत्तर पुरतं, आणि ते पत्र कुणी लिहिलं का, हे आपल्या ग्रामपंचायतीच्या ठरावातून विचारायला आजपासूनच सुरुवात करता येईल.